हवनकुंडाची परवानगी

हैदराबादच्या नारायणगुड्यात रिक्षावाल्याला ‘केशव मेमोरियल’ एवढे सांगितले तरी पुरते. शाळा, पदवी महाविद्यालय, विधी महाविद्यालय आणि २००७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असा तो सगळा पसारा आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवून टपरीवर चहा पिणाऱ्या मुलांना हा केशव कोण असे विचारले, तर एखादा हुशार मुलगा ‘हेडगेवार’ म्हणायचा. त्याचा फारसा दोष नाही. शेजारच्या बरकतपुऱ्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तेलंगणातले मुख्य कार्यालय आहे आणि त्याचे नाव केशव निलयम. पण नारायणगुड्याचा केशव निराळा. तो आपल्या परभणीकडचा.

केशवराव कोरटकर यांचा जन्म १८६७ सालचा. गाव पुरजळ, तालुका वसमत. आज तो भाग हिंगोली जिल्ह्यात येतो. आधी गुलबर्ग्यात वकिली, मग राजधानीत वकिली आणि पुढे निजामाच्या हायकोर्टात न्यायमूर्ती, अशी त्यांची चढण. १९३२ साली ते वारले. १९४० मध्ये त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर विनायकराव यांनी वडिलांच्या नावाने ही संस्था काढली. बापलेक दोघेही मराठी, दोघेही कायदेपंडित आणि दोघेही कडवे आर्यसमाजी. आर्यसमाजाचे सूत्र हाती धरले, की हैदराबाद संस्थानात धर्म राजकारणात कोणत्या दाराने शिरला ते दिसू लागते.

आर्यसमाजाची स्थापना स्वामी दयानंदांनी १८७५ साली मुंबईत, गिरगावात केली. मुंबईत तो फारसा रुजला नाही, पंजाबात फोफावला. निजामाच्या राजधानीत तो १८९२ साली सुलतानबाजारात सुरू झाला. ही जागा सहज निवडलेली नव्हती. सुलतानबाजार म्हणजे तेव्हाचा रेसिडेन्सी बाजार. तिथे इंग्रज रेसिडेंटचा अंमल चाले, निजामाच्या कोतवालाचा हात तिथे आखडे. १९३३ मध्ये तो भाग निजामाला परत मिळेपर्यंत सभा, ग्रंथालये, वादविवाद, व्याख्याने अशी शहरातली सगळी हालचाल या छोट्या बेटाच्या आसऱ्याने झाली. तेलुगु भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे १९०१ सालचे ग्रंथालय तिथलेच, आणि १९०७ साली निघालेली मराठ्यांची विवेकवर्धिनी शाळाही त्याच टापूतली. विवेकवर्धिनीच्या उभारणीत केशवराव होते, वामनराव नाईक होते आणि एक चित्रकारही होते.

हे चित्रकार म्हणजे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. मूळचे सावंतवाडीकडचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हैदराबादेत चित्रे आणि छायाचित्रे काढून पोट भरत होते; धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवायची आणि उरलेल्या वेळात वेद वाचायचे. आर्यसमाजाच्या संगतीत त्यांना वेदांत राष्ट्र दिसू लागले. अथर्ववेदातल्या भूमिसूक्तावर त्यांनी ‘वैदिक राष्ट्रगीत’ नावाची पुस्तिका लिहिली, ती सरकारने जप्त केली. ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा त्यांचा लेख कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात आला आणि त्यापायी संपादक प्राध्यापक विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना तुरुंगात जावे लागले. सातवळेकरांनाही हैदराबाद सोडावे लागले. त्या लेखात ना बॉम्बची कृती होती, ना इंग्रजांना शिवीगाळ. होती ती हजारो वर्षांपूर्वीच्या ऋचांची टीका. सरकारने ती राजकारण म्हणून वाचली आणि, मला वाटते, बरोबर वाचली. लिहिणाऱ्यालाही तेच म्हणायचे होते. ज्या राज्यात उघड बोलता येत नाही, तिथे माणसे ऋचांच्या आडून बोलतात, आणि पोलिसांनाही ते कळते.

या मंडळींचे सगळेच गुणगान करण्यासारखे नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे लोकांनी नीट ऐकून घेतली. पण अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहताच मराठी श्रोत्यांनी हुर्यो उडवली. ज्या संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलत, तिथे हा प्रकार. तेलुगू मंडळी उठली, जमली आणि त्यातून आंध्र जनसंघ निघाला. त्या चळवळीतल्या माडपाटी हनुमंतरावांनी १९२८ मध्ये काढलेली मुलींची शाळा आज नारायणगुड्यातच, केशव मेमोरियलपासून हाकेच्या अंतरावर आहे. पलीकडे वेंकटराम रेड्डींच्या नावाचे महिला महाविद्यालय, चौकात वायएमसीए आणि मागच्या गल्लीचे नाव विठ्ठलवाडी. जुन्या हैदराबादचे सगळे गट या एका मोहल्ल्यात दाटीवाटीने बसले आहेत.

केशवरावांची पिढी शाळा, परिषदा आणि अर्जविनंत्यांची होती. विनायकरावांची पिढी वेगळ्या मुशीतली. वडिलांनी त्यांना लहानपणी हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीत ठेवले. ‘विद्यालंकार’ ही तिथली पदवी, आणि पुढे लोकांनी तीच त्यांचे आडनाव करून टाकली. गुरुकुलाचे संस्थापक मुन्शीराम, म्हणजेच पुढचे स्वामी श्रद्धानंद. शुद्धीच्या, म्हणजे धर्मांतरितांना परत हिंदू करून घेण्याच्या, चळवळीमुळे डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत त्यांचा खून झाला. विनायकराव नंतर लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन आले. एका खांद्यावर गुरुकुलाचे उत्तरीय आणि दुसऱ्यावर बॅरिस्टरचा काळा झगा, असा हा माणूस संस्थानातल्या आर्य प्रतिनिधी सभेचा प्रमुख झाला.

तोवर हवा तापली होती. संस्थानातले दर शंभरात ऐंशीहून अधिक लोक हिंदू, राज्यकर्ता मुसलमान, वरच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा भरणा, आणि कचेरीपासून उस्मानिया विद्यापीठापर्यंत भाषा उर्दू. १९२७ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन स्थापन झाली आणि बहादूर यार जंगसारखा फर्डा वक्ता तिला मिळाला. ते स्वतः धर्मप्रचारात मुरलेले होते; दलित वस्त्यांत धर्मांतराची मोहीम चाले. सिद्दीक दीनदार नावाचे एक गृहस्थ तर स्वतःला लिंगायतांच्या चन्नबसवेश्वराचा अवतार म्हणवून घेत इस्लामचा प्रचार करत. आर्यसमाजाने याला शुद्धीने उत्तर दिले, भजनी उपदेशक गावोगाव पाठवले, आखाडे काढले. दोन्हीकडच्या प्रचारकांची भाषा आज वाचवत नाही. सवाल-जवाबाचे फड रंगत, एकमेकांच्या धर्मग्रंथांची आणि महापुरुषांची यथेच्छ निंदा होई. मराठवाड्यातला आर्यसमाजी मूर्तिपूजेच्या खंडनात फारसा अडकला नाही. त्याला समाजाने तीन गोष्टी दिल्या: जमायला जागा, फिरवायला लाठी आणि मान वर करून बोलण्याची सवय.

आणि सरकारने त्याला चौथी गोष्ट दिली, ती म्हणजे तक्रार. ‘गश्ती क्रमांक ५३’ हे आकडे मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना मुलांच्या जन्मतारखांसारखे पाठ असत. या फर्मानाप्रमाणे सभा घ्यायची तर आधी परवानगी हवी. खाजगी शाळा काढायची तर परवानगी, आखाड्याला परवानगी, देऊळ बांधायला किंवा दुरुस्त करायला परवानगी, बाहेरून उपदेशक बोलवायला परवानगी. शेवटी तर हवनकुंड बांधण्यावरही अंमलदार बोट ठेवू लागले. वीतभर खोल, विटा-मातीच्या चौकोनी खड्ड्यासाठी अर्ज करा, तहसीलदाराचा शेरा घ्या, फौजदाराला स्थळ दाखवा! गावातल्या ज्या किराणा दुकानदाराला जबाबदार राज्यपद्धती म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, त्याला हे बरोबर कळले. राजकीय हक्कांची भाषा शिकवावी लागते. देव्हाऱ्यात सरकार आले हे शिकवावे लागत नाही.

इथे जरा अमेरिकेकडे पाहायला हवे. तिथले सनातनी ख्रिस्ती, म्हणजे नव्याने जन्म घेतल्याची साक्ष देणारे इव्हँजेलिकल, रिपब्लिकन पक्षाचा कणा कसे झाले याची उत्तरे बहुधा गर्भपातापासून सुरू होतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि धर्मनिष्ठ माणूस पेटून उठला, अशी ती गोष्ट. पण त्याआधी दोनच वर्षे, १९७१ मध्ये, सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. या चळवळीचे एक शिल्पकार पॉल वायरिक पुढे सांगत, की ठिणगी पडली ती शाळांवरून. दक्षिणेत गोऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची करमाफी सरकारने वंशभेदाच्या कारणावरून काढायला सुरुवात केली. बॉब जोन्स विद्यापीठाची १९७६ मध्ये गेली. पाद्र्यांना वाटले, सरकार आपल्या शाळेत शिरले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ही मंडळी रेगनच्या मागे उभी राहिली. गंमत अशी, की रेगनने ज्यांना हरवले ते जिमी कार्टर स्वतः रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे बॅप्टिस्ट होते.

दोन्हीकडचा न्याय सारखा नव्हता. बॉब जोन्सवाले काळ्यांना दूर ठेवण्याचा हक्क मागत होते, उदगीरचा आर्यसमाजी हवन करण्याचा. पण यंत्रणा एकच. घर, शाळा आणि प्रार्थनेची जागा यांच्या उंबऱ्यावर सरकारी कागद आला, की एरवी राजकारणाला नाक मुरडणारा माणूस राजकारणात उतरतो, आणि त्याला गोळा करणारी संघटना आधीपासून तयारच असते.

उदगीरचे नाव उगाच घेतले नाही. तिथले वकील भाई श्यामलाल आणि त्यांचे बंधू बन्सीलाल यांनी बिदर-उस्मानाबाद पट्ट्यात आर्यसमाज बांधला. उस्मानाबादच्या गुंजोटीत वेदप्रकाश नावाचा तरुण मारला गेला, कल्याणीत धर्मप्रकाश. डिसेंबर १९३८ मध्ये श्यामलाल बिदरच्या तुरुंगात वारले. विषप्रयोग झाला, असे लोक बोलू लागले. राजवटीवर कोणाचा विश्वासच उरला नव्हता, तेव्हा खरे-खोटे करत बसायला कोणाला वेळ होता?

त्या १९३८ सालाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एवढे काही घडले, की नीट लक्ष न दिल्यास सगळे एकात एक मिसळून जाते. सरकारनेही ते मुद्दाम मिसळले. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबरात तिच्यावर ‘जातीय’ म्हणून बंदी आली. तिचा सत्याग्रह ऑक्टोबरच्या अखेरीस गोविंदराव नानलांपासून सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थही पहिल्या काही दिवसांतच तुरुंगात गेले. त्याच सुमारास हिंदू महासभेनेही जत्थे पाठवायला सुरुवात केली. त्यांतल्या एकात नथुराम गोडसे नावाचा पुण्याचा कार्यकर्ता होता आणि त्याने निजामाच्या तुरुंगाची हवा खाल्ली. उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांची नावे काढली गेली; त्यांना नागपूर विद्यापीठाने घेतले, आणि पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. या गदारोळात आर्यसमाजही सत्याग्रहाची तयारी करत होता. निजामाचे पंतप्रधान सर अकबर हैदरी यांना एवढेच हवे होते: पाहा, सगळे एकच, काँग्रेसची टोपी घातलेले हिंदू! गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबरला सत्याग्रह थांबवला, कारण आपला लढा धार्मिक झगड्यात बुडू नये. रामानंद तीर्थांच्या पिढीला हा निर्णय फार लागला.

दुसऱ्याच दिवशी सोलापुरात आर्य परिषद भरली. अध्यक्ष यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. सोलापूर हे या कामाला सोयीचे शहर: इंग्रजी मुलखात, पण निजामाच्या हद्दीला खेटून, रेल्वे थेट गुलबर्ग्याला, आणि १९३० चा मार्शल लॉ पचवलेले लोक. पुढचे सहा-सात महिने या शहराने एक अजब वर्दळ पाहिली. पंजाब, संयुक्त प्रांत, राजस्थान, दिल्लीकडून जत्थेच्या जत्थे येऊन उतरत. मराठीचा गंध नसलेली, लस्सी-पराठ्याला सोकावलेली माणसे भाकरी खाऊन गाडीत बसत, हद्द ओलांडत आणि पकडली जात. नेत्याला ‘सर्वाधिकारी’ म्हणत. पहिले महात्मा नारायण स्वामी, फेब्रुवारी १९३९ मध्ये गुलबर्ग्यात पकडले गेले. मग चांदकरण शारदा, मग लाहोरच्या ‘मिलाप’चे संपादक खुशहालचंद, पुढे ‘प्रताप’चे संपादक महाशय कृष्ण. दोन दैनिकांचे संपादक सर्वाधिकारी झाल्यावर पंजाबात बातमीला काय तोटा? संस्थानाचे तुरुंग भरून वाहिले. वीसहून अधिक सत्याग्रही तुरुंगात दगावले. बहुसंख्य सत्याग्रही बाहेरचे होते हे हैदरी सारखे सांगत, आणि ते खरेही होते. पण बाहेरून माणसे आणावी लागली, कारण आतल्या माणसाची जमीन, नोकरी, सनद सगळेच निजामाच्या मुठीत. आठवे सर्वाधिकारी म्हणून विनायकरावांचे नाव जाहीर झाले. त्यांचा जत्था निघण्याआधी, जुलैत, सरकारने सुधारणा जाहीर केल्या आणि धार्मिक निर्बंधांबाबत खुलासे केले. ८ ऑगस्टला आर्यसमाजाने सत्याग्रह मागे घेतला.

पदरात काय पडले? खाजगी घरातल्या हवनाला मोकळीक, काही परवानग्यांत सवलत आणि विधिमंडळाचे आश्वासन. त्या विधिमंडळात हिंदू आणि मुसलमान सदस्य समसमान. ज्या काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धती मागितली, ती १९४६ पर्यंत बंदीत राहिली. ज्यांनी यज्ञाचा हक्क मागितला, त्यांच्याशी सरकारने बोलणी केली. यातून गावोगावच्या तरुणांनी घ्यायचा तो धडा घेतला. नारायणगुड्याची शाळा पुढच्याच वर्षी निघाली.

शेवटचा अंक रक्ताचा आहे. लातूरचा वकील कासिम रझवी मजलिसचा नेता झाला, तिचे सशस्त्र स्वयंसेवक म्हणजे रझाकार उभे राहिले. ४ डिसेंबर १९४७ रोजी नारायणगुड्याजवळ, किंग कोठीच्या रस्त्यावर, वरंगळच्या नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकला. नेम चुकला, फाशीची शिक्षा झाली, आणि संस्थान पडल्यामुळे जीव वाचला. ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकारांच्या विरोधात लिहिले म्हणून ठार केले गेले. हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असे म्हणणाऱ्या दोन्हीकडच्यांना शोएबुल्ला फार अडचणीचा आहे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ अशी भारत सरकारची पोलीस कारवाई झाली. त्यानंतर जे झाले ते मराठवाड्याच्या घरांत हळू आवाजात सांगितले जाते, सभांतून मुळीच नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा केला. मेले ते बहुतांश मुसलमान, आणि सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांत. आर्यसमाज जिथे सर्वांत बळकट होता, तो पट्टा बराचसा हाच. रझाकारांनी आधी ज्या गावांवर अत्याचार केले, तीही याच पट्ट्यातली. या योगायोगावरून सरसकट आरोप ठेवणे अन्यायाचे होईल. पण दहा वर्षे लोकांना धर्माच्या नावाने एकत्र केल्यावर, राजवट कोसळली त्या आठवड्यात त्यांनी शेजाऱ्याकडे नागरिक म्हणून पाहावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

विनायकराव मात्र अमेरिकेतल्या पाद्र्यांच्या वाटेने गेले नाहीत. तिथे धर्मसंघटनांनी एक पक्ष धरला आणि तो आतून बदलून टाकला. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास लोकांनी ट्रम्पला मत दिले. हैदराबादेत मतपेटी आली आणि आर्यसमाजाचे नेतेच काँग्रेसमध्ये विरघळले. विनायकराव १९५० मध्ये वेल्लोडी मंत्रिमंडळात आणि १९५२ नंतर बी. रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९५७ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर हैदराबादेतून लोकसभेवर निवडून आले. १९६२ साली ते वारले. त्यांचा उत्साही अनुयायीवर्ग नंतर कुठे गेला हे सांगायला इतिहासकार लागत नाही. नारायणगुड्याहून बरकतपुऱ्यापर्यंत पायी गेले तरी पुरते.

१९३८-३९ चा तो सत्याग्रह धार्मिक होता की राजकीय, हा वाद पुढे दिल्लीच्या दप्तरात गेला. सत्याग्रहींनी स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन मागितले होते, आणि आपण फक्त धर्मासाठी लढतो आहोत असे तर ते १९३९ मध्ये शपथेवर सांगत होते. केंद्र सरकारने अखेर हैदराबादच्या आर्यसमाज आंदोलनाला स्वातंत्र्यलढ्याच्या यादीत घातले आणि पेन्शन सुरू केली.